परसांतील रेशमी कोंबडी व तिचे स्वभावभेद

गेल्या कांहीं वर्षांत शहरांतील पक्षीबाजारांतून व हौशी लोकांकडून एक निराळीच कोंबडी खेड्यापाड्यांत येऊं लागली आहे. अंगावर पिसांऐवजीं मांजराच्या केसांसारखी मऊ लव, डोक्यावर फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी शेंडी, पायांवर झालर, आणि लव बाजूस सारून पाहिली असतां आंत काळीभोर कातडी, असें तिचें रूप आहे. हिला इंग्रज लोक सिल्की म्हणतात. आपण तिला रेशमी कोंबडी म्हणूं. ही जात पाळण्यांत शेतकऱ्याचा फायदा आहे किंवा नाहीं, आणि आपल्या परसांतील गावठी व सुधारलेल्या कोंबड्यांत ती नांदते किंवा नाहीं, असे दोन प्रश्न सभासदांकडून वारंवार विचारले जातात. पहिल्याचें उत्तर थोडक्यांत देतां येण्यासारखें आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र पक्ष्यागणिक बदलतें. म्हणून या लेखाचा बराचसा भाग स्वभाव या एकाच विषयास दिला आहे.

जातीची ओळख

ही जात मूळची चीनमधील. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यानें आपल्या वृत्तांतांत त्या देशांतील मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला असून, अंडीं मात्र त्या इतर कोंबड्यांसारखींच घालतात अशी पुस्तीहि जोडली आहे. लि शिझेन याचा प्रसिद्ध चिनी औषधिग्रंथ १५९६ सालीं छापला गेला, त्यांत काळ्या हाडाच्या कोंबडीचे गुण सांगितले आहेत. चिआंग्शी प्रांतांतील ताय्हे परगणा आजहि या जातीबद्दल प्रसिद्ध आहे, आणि बाळंतिणीस तिचा रस्सा देण्याची चाल चीनमध्यें अद्याप चालू आहे. युरोपांत इटालियन पंडित अल्ड्रोवांडी यानें १६०० सालच्या ग्रंथांत लोकरी कोंबडीची नोंद केली. पुढें तेथील बाजारांत ही कोंबडी सशाच्या संकरापासून झाली आहे अशी थाप मारून ती विकीत असत. थापा मारून कोंबड्या विकणारांचा वर्ग आपल्या काळींहि नष्ट झालेला नाहीं, हें पुढें दिसून येईल.

तिच्या लवेचें कारण समजून घेतलें म्हणजे निगेच्या अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात. साध्या पिसाच्या मधल्या दांड्यास दोन्ही बाजूंनीं बारीक फांटे फुटतात, व त्या फांट्यांवरील सूक्ष्म आंकडे एकमेकांत अडकून पिसाची सलग पाती बनते. रेशमी कोंबडींत हे आंकडे तयारच होत नाहींत. फांटे सुटे राहतात आणि पीस विंचरलेल्या कापसासारखें दिसतें. सलग पाती नसल्यामुळें पंखास वारा धरतां येत नाहीं, म्हणून ही कोंबडी उडूं शकत नाहीं. पावसाचें पाणीहि पिसावरून ओघळून न जातां थेट कातडीपर्यंत मुरतें.

खरी रेशमी ओळखण्याच्या खुणा अशा: पायास चाराऐवजीं पांच बोटें, कातडी व हाडें काळपट, कानाखालील पाळी निळसर, आणि तुरा गांवठी कोंबड्यासारखा करवती नसून आक्रोडासारखा गोळा. रंग पांढरा, काळा, पिवळसर, करडा, तित्तिरी असे अनेक आहेत. ब्रिटिश प्रमाणाप्रमाणें कोंबड्याचें वजन १.८ किलो व कोंबडीचें सुमारें १.३५ किलो असावें लागतें. अमेरिकन प्रमाणांत हीच जात खुजी धरली असून तेथें कोंबडा एक किलोच्या आसपास व कोंबडी तीहून किंचित् कमी असते. आपल्याकडे दोन्ही बांध्यांचे पक्षी मिळतात.

काळ्या कातडीवरून आपल्या लोकांस झाबुव्याच्या कडकनाथाची आठवण होते, आणि ती अगदींच अस्थानीं नाहीं. दोहोंच्या शरीरांत काळा रंग ज्या आनुवंशिक फेरबदलामुळें पसरतो तो फेरबदल एकच आहे असें अलीकडील संशोधनावरून ठरलें आहे. तथापि दिसण्यापलीकडे दोहोंत साम्य थोडें. कडकनाथ चपळ, रानवट, झाडावर चढून बसणारा पक्षी. त्याची मादी अंड्यांवर नीट बसत नाहीं अशी तिची ख्याति आहे. रेशमी कोंबडीचें सर्व या उलट.

फायद्याचा हिशेब

रेशमी कोंबडी वर्षास शंभर ते सवाशें अंडीं देते, आणि एका अंड्याचें वजन पस्तीस ते चाळीस ग्रॅम भरतें. पिंजऱ्यांतील सुधारलेली कोंबडी वर्षास तीनशें मोठीं अंडीं देत असतां, अंडीं विकून पैसा करूं पाहणारानें या जातीच्या वाटेस जाऊं नये हें सांगणें नको. मांस थोडें, रंगानें काळें, आणि त्यास आपल्या आठवडेबाजारांत ठराविक गिऱ्हाईक नाहीं.

येथें एक इशारा स्पष्ट शब्दांत देणें अवश्य आहे. काळ्या कोंबडीचें मांस औषधी, अंडें पन्नास रुपयांस जातें, पिलें आम्ही देतों व माल आम्हीच परत घेतों, अशा बोलीवर कडकनाथाच्या ज्या करारयोजना निघाल्या त्यांपैकीं एक मोठी योजना २०१९ सालीं सांगली-कोल्हापूर भागांत कोसळली, आणि हजारों शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कित्येकांनीं कर्ज काढून शेड बांधल्या होत्या. पक्ष्याचा त्यांत कांहीं दोष नव्हता. विकत घेणाराच नाहींसा झाला. रेशमी कोंबडीची जोडी आज हौसेच्या भावानें विकली जाते. हा भाव घेणाऱ्यांच्या हौसेवर उभा असतो, मांसाच्या वा अंड्याच्या किंमतीवर नव्हे. ज्या दिवशीं शेजारच्या चार गांवांत पिलें निघूं लागतील त्या दिवशीं तो उतरेल. करितां या जातीवर भांडवल म्हणून पैसा घालूं नये.

मग ती पाळावी कशाकरितां? खुडूक बसण्याकरितां. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या परसांतील जाती अंडीं बरीं देतात, परंतु त्यांच्या माद्या सहसा खुडूक होत नाहींत. पिलें हवीं असल्यास उबवणी केंद्राच्या फेऱ्या घालाव्या लागतात, किंवा वीज टिकेल या भरंवशावर यंत्र घ्यावें लागतें. अशा घरीं दोन-तीन रेशमी कोंबड्या असल्या तर त्या यंत्राचें काम बिनविजेनें करतात, आणि शिवाय पिलें वाढवून देतात. इंग्लंडांत फेझंट व तित्तिर यांचीं अंडीं उबविण्यास शिकारी जंगलांचे राखणदार पूर्वीपासून याच जातीच्या व तिच्या संकराच्या माद्या वापरीत आले आहेत.

स्वभाव : जातीचा व व्यक्तीचा

पुस्तकांतून या जातीचें वर्णन गरीब, शांत, माणसाळलेली असें असतें. तें सरासरीनें खरें आहे. परंतु सरासरीवर खुराडें चालत नाहीं. खुराड्यांत अमुक पांढरी व अमुक करडी असते.

कोंबड्यांच्या कळपांत कोणी कोणास टोंचावें याचा एक क्रम ठरलेला असतो, ही गोष्ट नॉर्वेचा शेल्डरुप-एब्बे यानें १९२१ च्या सुमारास शास्त्रीय रीतीनें प्रथम मांडली. लहानपणापासून तो घरच्या कोंबड्यांच्या नोंदी ठेवीत होता. पहिली कोंबडी सर्वांस टोंचते, दुसरी पहिलीखेरीज इतरांस, आणि अगदीं शेवटची सर्वांचीं टोंचणीं सोसते. आपल्याकडील घरधनिणीस हा क्रम पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. कोणती कोंबडी आधीं दाणे खाते हें त्या रोज पाहतात. क्रम एकदां ठरला म्हणजे भांडणें थांबतात. नवा पक्षी आला, एखादा आजारी पडला किंवा पहिली कोंबडी खुडूक बसून खालीं उतरली कीं क्रम पुन्हां ठरवावा लागतो, आणि तोच काळ धोक्याचा असतो.

मिश्र कळपांत रेशमी कोंबडी बहुधा या क्रमाच्या तळाशीं जाते. तिचें वजन कमी, उडून सुटतां येत नाहीं, आणि शेंडीमुळें वरून व बाजूनें येणारा शत्रु तिला दिसत नाहीं. त्यांत एक शरीरदोष अधिक आहे. मोठ्या शेंडीच्या पक्ष्यांत कवटीचें हाड माथ्यावर पुष्कळदां पुरतें जुळलेलें नसतें. शेंडीखालीं एक मऊ उंचवटा राहतो. दुसऱ्या कोंबडीस जें टोंचणें साधी शिस्त म्हणून सोसतें, तेंच येथें बसलें तर पक्षी मान वांकडी करून फिरूं लागतो किंवा जागींच मरतो. ज्यास आपण किरकोळ भांडण म्हणतों तें या जातीच्या बाबतींत किरकोळ नसतें, एवढें ध्यानांत ठेवावें.

प्रस्तुत लेखकाच्या परसांत सध्यां अकरा पक्षी आहेत. चार गावठी, दोन गिरिराज, चार रेशमी माद्या व एक रेशमी कोंबडा. या पांच रेशमी पक्ष्यांचे स्वभाव पाहिले तर ते एकाच जातीचे आहेत हें परक्यास पटूं नये.

पिवळसर मादी घरांत शिरून उंबऱ्याशीं बसते, हातांतील कणी खाते, मुलांच्या मांडीवर झोंपीं जाते. तीच मादी गावठी तांबडी जवळ आली कीं भिंतीशीं अंग चोरते. माणसाशीं धीट व पक्ष्यांशीं भित्री असा हा मेळ या जातींत फार आढळतो, आणि माणसाळलेली म्हणजे कळपांत सुखी असें समजण्याची गफलत त्यावरूनच होते.

पांढरीची गोष्ट अधिक शिकविणारी आहे. ती कोणी जवळ गेलें कीं एकदम दचके, वेड्यासारखी गोल धांवे, आणि धांवतां धांवतां नेमकी दुसऱ्याच्या अंगावर जाऊन टोंचणी खाई. घरांत सर्वांनीं तिला घाबरट ठरविलें होतें. तिच्या शेंडीचीं पिसें डोळ्यांवर पार उतरलेलीं होतीं. तीं डोळ्यांपुरतीं बोथट कात्रीनें उतरविलीं. आठ दिवसांत तिचें दचकणें निम्म्यावर आलें, आणि महिन्याच्या आंत ती पिवळसरच्या बरोबरीनें अंगणभर फिरूं लागली. ज्यास आपण स्वभाव म्हणतों त्यांत पुष्कळ भाग दृष्टीचा असतो. प्रदर्शनास पक्षी न्यावयाचा नसेल तर शेंडी राखण्यांत अर्थ नाहीं. पिसें कापतांना मात्र मुळाशीं रक्त असलेलें नवें पीस कापूं नये.

काळी मादी वर्षांतील आठ महिने कळपांतील सर्वांत निरुपद्रवी पक्षी असते. खुडूक झाली म्हणजे अंग फुगवून, चिरक्या आवाजांत गुरगुरून ती अंड्यांखालीं जाणारा हात फोडते. तांबडी गावठीसुद्धां मग तिच्या घरट्याच्या वाटेस जात नाहीं. तेव्हां एखादीचा स्वभाव ठरवितांना ती कोणत्या अवस्थेंत आहे हें आधीं पाहावें.

आणि करडी. गावठींपुढें ही मुकाट्यानें मान घालते, पण रेशमी माद्यांत तीच वरचढ, आणि पांढरीच्या माथ्यावर टोंचण्याचा तिला नादच होता. गरीब जातीची कोंबडी असें करणार नाहीं, हें तांबडीचेंच काम असावें, असा घरांतील तर्क होता. एक सकाळ खुराड्यासमोर बसून पाहिल्यावर अपराधी कोण तें उघड झालें. करडीस चार दिवस डालग्याखालीं, इतरांच्या नजरेआड ठेवलें. परत सोडली तेव्हां तिची जागा गेलेली होती. तिला खालून सुरवात करावी लागली, आणि तो नाद सुटला. जो टोंचतो त्यास बाहेर काढावें, टोंचून घेणारास नव्हे. कारण दुबळ्यास चार दिवस बाहेर ठेवून परत आणलें तर तो नवखा ठरून दुप्पट मार खातो. जखम वाहत असेल तर अर्थात् त्यासहि तत्काळ वेगळें काढणें प्राप्त आहे. पांढऱ्या लवेवर रक्ताचा डाग दुरून दिसतो व सर्व कळप त्यावर तुटून पडतो.

कोंबडा शांत आहे. दाणा सांपडला तर स्वतः न खातां माद्यांस बोलावतो, पिलांस अंगाखालीं येऊं देतो. त्याच्याच रवणींतील दुसरा नर सहाव्या महिन्यापासून पोटऱ्यांस लाथा मारूं लागला. तो पैदाशीस ठेवला नाहीं. रेशमी कोंबडे मारकुटे नसतात हें विधान जसेंच्या तसें घेऊं नये. स्वभाव बऱ्याच अंशीं पिलांत उतरतो, आणि ज्या घरांत लहान मुलें परसांत खेळतात त्या घरीं मारकुट्या नराची पैदास वाढविणें म्हणजे पुढील वर्षाचें दुखणें पाळणें होय. रंगावरून स्वभाव ठरविण्याची एक समजूत हौशी लोकांत आहे, तिला आधार दिसत नाहीं.

कळपांत घालण्याची रीत

एकच रेशमी कोंबडी आणून मोठ्या कळपांत कधीं सोडूं नये. निदान तीन, एकाच रवणीच्या असल्यास उत्तम, अशा आणाव्या. त्या एकमेकींस धरून राहतात. नवे पक्षी आधीं तीन आठवडे अगदीं वेगळ्या जागीं ठेवावे, म्हणजे रोग असल्यास उघड होतो. त्यानंतर दहा-पंधरा दिवस जुन्या कळपाच्या शेजारीं, मध्यें तारेची जाळी ठेवून, एकमेकांस दिसतील पण चोंच लागणार नाहीं असे ठेवावे. मग एखाद्या दिवशीं संध्याकाळीं दाण्याच्या वेळेस एकत्र सोडावे, व दाणा एका ठिकाणीं न टाकतां चार ठिकाणीं पसरावा. पाण्याचीं भांडींहि दोन ठेवावीं. कोपऱ्यांत एखादें फळकूट भिंतीस तिरकें टेंकून ठेवलें तर लहान पक्ष्यास मागें दडण्यास जागा होते. दोन तोंडें असलेली आडजागा चांगली, एक तोंडाची वाईट, कारण तींत पक्षी कोंडला जातो. असील जातीच्या पक्ष्यांबरोबर रेशमी मुळींच ठेवूं नयेत.

खुराड्यांत दर पक्ष्यास निदान चार चौरस फूट जागा असावी. रेशमी कोंबड्या उंच दांड्यावर चढत नाहींत, कोपऱ्यांत ढीग करून झोंपतात. म्हणून दांडे असलेल्या खुराड्यांत त्या वरच्यांच्या विष्ठेखालीं येतात. त्यांस वेगळा कप्पा द्यावा, अगर जमिनीपासून वीतभर उंचीवर रुंद फळी लावावी.

खुडूक बसविणें

रेशमी कोंबडी दहा-पंधरा अंडीं घातल्यावर, कित्येकदां त्याहून आधींच, खुडूक होते. लांकडी गोट्या, शेजारणीचीं अंडीं, अगर रिकामें घरटें, तिला कांहींहि चालतें. खरी खुडूक आहे कीं दोन दिवसांची लहर आहे हें पाहण्यासाठीं आधीं दोन-तीन खोटीं अंडीं द्यावीं. तिसऱ्या रात्रींहि ती बसून असेल, हात लावतां अंग पसरून चिकटून राहील, तर रात्रीच्या अंधारांत खरीं अंडीं तिच्याखालीं सरकवावीं. सर्व अंडीं एकाच वेळीं घालावीं, व त्यांवर कोळशानें खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनें मागाहून घातलेलें अंडें ओळखून काढतां येतें.

तिच्या आकाराचीं आठ-दहा अंडीं ती झांकते. गिरिराजासारख्या मोठ्या कोंबडीचीं पांच-सहाच घालावीं. जास्त घातलीं तर कडेचीं अंडीं आळीपाळीनें थंड पडतात आणि पांच-सहा वांचावयाचीं त्यांऐवजीं सगळींच वायां जातात. कोंबडीचीं अंडीं २१ दिवसांत फुटतात, बदकाचीं २८ दिवसांत. सातव्या रात्रीं अंडें दिव्यापुढें धरून पाहावें. लाल शिरांचें जाळें दिसलें तर अंडें धरलें आहे, नितळ असेल तर काढून टाकावें.

या जातीच्या बाबतींत मालकास एक काम रोज करावें लागतें. गावठी खुडूक दिवसांतून एकदां उठून दाणापाणी करून पंधरा-वीस मिनिटांत परत येते. रेशमी कोंबडी कित्येक वेळां उठतच नाहीं. तिला रोज ठरल्या वेळीं हलकेच उचलून दाण्यापाशीं ठेवावें. उचलण्यापूर्वीं पंखांत अंडें अडकलेलें नाहीं ना हें चांचपावें. हें न केल्यास ती सुकते, आणि अशक्त कोंबडीवर उवा फार पडतात. बसविण्यापूर्वीं घरट्यांतील गवत नवें घालून त्यांत वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकावा, आणि एक-दोनदां तिला कोरड्या राखमातींत लोळूं द्यावें.

अंडीं द्यावयाचीं नसतील तर तिला तशीच बसूं देऊं नये. तळास जाळी असलेल्या पिंजऱ्यांत, गवत न घालतां, पाणी व दाणा ठेवून तीन-चार दिवस ठेवलें म्हणजे पोटास वारा लागून खुडूक मोडते. पाण्यांत बुडविण्याची जी जुनी रीत आहे ती या लवेच्या पक्ष्यास करणें सर्वथा वर्ज्य. ओली रेशमी कोंबडी दिवसभर वाळत नाहीं.

पिलें निघाल्यावर एक धोका विशेष आहे. छातीखालील लांब मऊ लव पिलांच्या पायांभोंवतीं, कधीं मानेभोंवतीं, गुंडाळते आणि पिलूं लोंबकळून मरतें. बसविण्याआधीं पोटाखालील लांब पिसें कात्रीनें आंखूड करावीं. याच कारणानें पुष्कळ इंग्रज पाळणारे शुद्ध रेशमीपेक्षां ससेक्स अगर वायंडॉट जातीशीं केलेला तिचा संकर खुडूक म्हणून पसंत करतात; त्याचें पीस साधें निघतें व बसण्याची हौस कायम राहते.

आपल्याकडे हाच संकर गावठी कोंबडीपासून करतां येतो. रेशमी पिसाचा गुण दबता असल्यामुळें पहिल्या पिढींतील सर्व पिलें साध्या पिसाचीं होतात. तीं आपसांत मिळविलीं तर पुढील पिढींत चारांत एक या मानानें रेशमी पीस पुन्हां दिसतें. काळ्या कातडीचा प्रकार निराळा. बेटसन व पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९११ सालीं दाखविलें कीं रेशमी नर व फिक्या पायांची लेगहॉर्न मादी यांच्या संकरांत माद्या काळ्या कातडीच्या व नर फिके निघतात; मीलन उलटें केलें तर दोघेंहि फिकट. ज्यास पिलांतील नरमादी लौकर ओळखावयाचीं आहेत त्यास ही माहिती उपयोगी पडेल, कारण शुद्ध रेशमी पिलांत नर कोणता व मादी कोणती हें पांच-सहा महिन्यांपर्यंत जाणत्यासहि खात्रीनें सांगतां येत नाहीं. पुढें नराची शेंडी मागें वळून तींत लांब तुरे निघतात, मादीची गोल राहते.

पाऊस, ऊन व रोग

कोंकणांत व घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हे पक्षी उघड्यावर सोडूं नयेत. छपराखालीं कोरडी, भाताच्या तुसाची दोन-तीन इंच जाड बिछायत असावी, व ती ओली होतांच बदलावी. पायांवरील झालरीस चिखल लागून वाळला तर बोटें आंवळतात; कोमट पाण्यानें भिजवून सोडवावीं व पूर्ण पुसून मग सोडावें. देशावर व विदर्भांत याहून उन्हाळ्याची भीति मोठी. पारा चाळिशीकडे गेला कीं हा पक्षी चोंच उघडून धापा टाकतो. दाट सावली, मातीच्या परळांत दिवसांतून दोनदां बदललेलें गार पाणी, आणि भर दुपारीं हात न लावणें, एवढेंच त्यास करतां येतें.

पायांच्या खवल्यांखालीं शिरणारी बारीक खरूज झालरीच्या पायांस लौकर लागते. खवले उचललेले व पांढुरके दिसूं लागले तर पाय धुऊन त्यांवर खोबरेल अगर व्हॅसलीन दर तीन-चार दिवसांनीं महिनाभर चोळावें. मानमोडीची लस इतर कोंबड्यांप्रमाणेंच द्यावी: पांचव्या ते सातव्या दिवशीं डोळ्यांत वा नाकांत थेंब, व आठव्या आठवड्याच्या सुमारास टोंचणी. तपशील जनावरांच्या दवाखान्यांत विचारावा. मारेक या रोगास ही जात विशेष बळी पडते. तरणी तलंग एक पाय पुढें व एक मागें टाकून लुळी पडली तर तो संशय घ्यावा. त्याची लस पिलूं अंड्यांतून निघतांच, पहिल्या दिवशींच द्यावी लागते, म्हणून पिलें घेतांना ती दिली आहे काय हें विचारावें. एकदम पुष्कळ पक्षी मरूं लागले तर गाडून गप्प न बसतां पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावें. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्लूची सांथ उघड झाली तेव्हां लक्षावधि पक्षी नष्ट करावे लागले, हें पुष्कळांस आठवत असेल.

विकत घेतांना

बाजारांतील गर्दीच्या पिंजऱ्यांतून पक्षी घेण्यापेक्षां ज्याच्या घरीं आईबाप पाहावयास मिळतात अशा पाळणाराकडून घ्यावे. पांच बोटें मोजावीं. पायांची खवलें पाहावीं, शेंडीखालील त्वचेवर जखम नाहीं ना तें पिसें सारून पाहावें, आणि माथ्यावर मऊ उंचवटा लागला तर तेथें दाबूं नये. पक्षी हातांत घेऊन निजल्यासारखा पडला तर तो गरीब स्वभावाचा असेलच असें नाहीं, आजारीहि असूं शकेल; जमिनीवर सोडून दाणा टाकावा, व निरोगी पक्षी किती वेळांत दाण्यावर येतो तें पाहावें. नर पाहण्याच्या वेळीं मालकाकडून त्याच्यापुढें पाय सरकवून घ्यावा. जो नर बाजूस होतो तो घ्यावा. मान खालीं घालून तिरका चालत येतो तो कितीहि देखणा असला तरी मालकाकडेच राहूं द्यावा.